मानाचा विडा आणि लेझरचं मशीन

नऊ वाजता ज्यांच्या जिभेचं ऑपरेशन होतं, त्या गुणाबाई आठ वाजता फीमेल वॉर्डात बसून गात होत्या. समोर पाटावर बोटभर हळद लावलेली नवरी. तिची आई, मामा, चार-पाच बायका. मामांच्या हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. शेजारच्या खाटेवरची पेशंट सलाइन लावलेल्या हातानं टाळ्या वाजवत होती.

उल्हासनगरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो. गुणाबाई शिरगावच्या, धवलारीण. त्यांच्याकडच्या आगरी लग्नात धवलारणीनं धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हटल्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. उभा जन्म मिस्री लावून त्यांच्या जिभेच्या कडेला कॅन्सर झाला होता. पण लहान, वरवरचा. लेझरनं, म्हणजे प्रकाशाच्या बारीक झोतानं, तेवढाच भाग कापता येतो. रक्त कमी जातं, जीभ बरीचशी शाबूत राहते. उशीर केला तर अर्धी जीभ जायची भीती. मग बोलायचेच वांधे, गाणं दूरच.

ऑपरेशननंतर दोन आठवडे गायचं नाही, असं मी बजावलं होतं. या नवरीची हळद चार दिवसांवर आली होती. म्हणून मंडळी धवले आधीच मोबाइलमध्ये भरून घ्यायला आली होती. आणि नवरी समोर नसेल तर गुणाबाई तोंड उघडत नाहीत, म्हणून नवरीलाही आणलं होतं, पाटासकट.

मी सिस्टरवर खेकसणार होतो. पण खरं सांगतो, आवाज इतका सुरेख होता की दारातच उभा राहिलो. तिसरा धवला संपत आला तेव्हा पुढे झालो.

"मावशी, उपाशी आहात ना?"

"रातपासना पानी बी नाय घेतला."

ओठ लालभडक होते.

"तोंडात काय आहे?" मी ओरडलोच.

"इडा."

"पान खाल्लंत?"

"खाल्ला नाय. मानाचा इडा हाय. तो घेतान, खातान नाय."

मामांनी मला समजावलं, "सर, धवलारणीला इडा दिल्याबिगर धवला सुरू होत नाय. ते खान्यात धरत नाय आमच्याकडं."

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी मात्र ते खाण्यात धरलं. भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. "सहा तास. दोनच्या आधी मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या आणि नाश्त्याला गेल्या.

आता खरी पंचाईत. लेझरचं मशीन आमचं नाही. ते टेम्पोतून भाड्यानं येतं, पंधरा दिवसांतून एकदा. एक वाजता ते अंबरनाथला निघणार होतं. तिथे कुणा मुलीच्या गालावरचा मस काढायचा होता. मी मशीनच्या सिंधी मालकांना फोन लावला.

"साईं, दो-तीन घंटे दे दो. कॅन्सर का पेशंट है."

"डॉक्टरसाब, उधर भी अर्जंट है. लडकी की शादी है, फोटो निकलेंगे."

मी फोन ठेवला. पंधरा दिवसांनी मशीन येईल, पण तो कॅन्सर माझ्यासाठी थांबेल याची हमी कोण देणार? मामा शेजारीच उभे होते. ते तडक खाली गेले.

पाऊण वाजता गेटमध्ये त्यांची स्कॉर्पिओ आडवी उभी. मागे मशीनचा टेम्पो अडकलेला.

"गाडी बंद पडली, सर," मामा म्हणाले. इंजिनाची घरघर मला नीट ऐकू येत होती. मशीनच्या टेक्निशियनला बायकांनी बाकावर बसवून वडे आणि मटण वाढलं होतं. त्याची काहीच तक्रार नव्हती. मालकांचा फोन आला तेव्हा मीही सांगितलं, गाडी बंद पडली आहे. खोटं बोललो, आणि मला अजिबात लाज वाटली नाही. लग्नाच्या फोटोत मस आला तरी नवरा तोच राहतो.

दोन वाजता भूल दिली. आधी जिभेवरचा काताचा रंग घासून काढला, कारण त्याखाली कॅन्सरची कड दिसेना. चेहऱ्याभोवती ओले टॉवेल, झोत भलतीकडे गेला तर भाजू नये म्हणून. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे. चाळीस मिनिटांत काम झालं. स्कॉर्पिओही लगेच सुरू झाली.

हळदीच्या दिवशी ते रेकॉर्डिंग मांडवात डीजेच्या स्पीकरवर लावलं. दोन धवले झाले, तिसरा संपता संपता माझा आवाज घुमला, "तोंडात काय आहे?" मांडवातल्या निम्म्या माणसांनी गुटखा थुंकला म्हणे. मामा हे सांगताना हसून हसून डोळे पुसत होते. तेवढं काढून का नाही टाकलं, विचारलं, तर म्हणाले, धवला कापत नाय.

आठवड्यानं रिपोर्ट आला. काढलेल्या तुकड्याच्या सगळ्या कडा साफ होत्या. तिसऱ्या आठवड्यात गुणाबाई आल्या. म्हटलं, एक ओळ म्हणून दाखवा. शब्द जरा जड, पण एकेक स्पष्ट. मला इतका आनंद झाला की पुढच्या पेशंटला उगाच पाच मिनिटं बाहेर बसवलं.

तेव्हापासून ऑपरेशनच्या सकाळी मी कुणालाही "उपाशी आहात का?" असं विचारत नाही. "तोंड उघडा," म्हणतो.