वैरणीला गेलेली धावपट्टी

हवेत मी फार हुशार होते. पवना नदी डाव्या हाताला ठेवून वळायचं, इंजिनाचा आवाज कमी करायचा, सगळं झकास. पंचाईत व्हायची ती जमीन जवळ आली की. लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवणारी पंचेचाळिशीची बाई दर रविवारी परंदवडीजवळच्या माळावर दोन आसनी विमान शिकायला जाते, यातच तिचा तोरा कळावा. काळा गॉगल तर मी भाकरी थापतानाही लावून बघितला होता.

शिकवणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले. धावपट्टी म्हणजे गवताचा लांब पट्टा. त्यांचा नियम सोपा होता. "गवताची पाती सुटी सुटी दिसायला लागली की दांडी हळूच मागे घ्या, नाक उचला." मी तो पाढ्यासारखा पाठ केला.

त्या रविवारी ते म्हणाले, "आज एकदा नीट उतरवा. मग मी खाली उतरतो, पुढची फेरी तुमची एकटीची."

याच वाक्यासाठी मी वर्षभर झुरत होते.

दसऱ्यानंतर पट्टीवरचं गवत गावातल्या बायका वैरणीला कापून नेत. त्या वर्षी नेमकं त्या रविवारच्या आदल्या दिवशीच कापलं होतं. मी आपली पाती दिसायची वाट बघत खाली येतेय. चाकं धाडकन आपटली, विमान उसळलं. मी घाबरून दांडी पुढे ढकलली, तर आणखी जोरात आपटलं. पुढच्या उसळीला सरांनी विमान स्वतःच्या ताब्यात घेतलं.

थांबलो, तर कडेला भारे बांधणारी मावशी म्हणाली, "बाई, इमान म्हनायचं का टोळ ह्याला?"

"नाक का नाही उचललंत?" सरांनी विचारलं.

"पाती दिसलीच नाहीत, सर."

ते खिडकीतून वाकून बघत राहिले. "कापलं होय. माझ्याही लक्षात आलं नाही." मग हसू दाबत म्हणाले, "गवताचं सोडा. पट्टीच्या पलीकडच्या टोकावर नजर ठेवा."

चाकं तपासून आम्ही पुन्हा उडालो. या वेळी कधी टेकलो ते मलाही कळलं नाही. सरांनी कमरेचा पट्टा सोडला, खाली उतरून दार लावलं आणि वळून न बघता चालू लागले.

सरांचं वजन गेल्यावर विमान भलतंच हलकं झालं. वर गेलं भराभर, खाली मात्र यायलाच तयार होईना. मी टोकाकडे बघत बसले, दांडी मागे घेत राहिले, आणि ते टेकलं. एक बारीकशी उसळी बसली. आता नातवंडांना सांगताना ती मी गाळते.