बारा कागद, एक मालू

कोलशेतच्या खाडीकाठच्या ओट्यावर मालू कोलंबी सोलायला बसली की हल्ली तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राही. दारूबंदी आली होती, आणि तिचा नवरा राघो पोलिसात शिपाई होता. गेल्या महिन्यात धाडीत शेजारच्या भागीरथीचं दारूचं मडकं तिवरांच्या चिखलातून उकरून फोडलं, तेव्हा काठी राघोच्याच हातात होती. मालूशी कुणी भांडलं नाही. बायकांनी नुसत्या टोपल्या सरकवल्या.

अशात राघो एक अर्ज घेऊन घरी आला. पुण्याला चार महिने बोटांच्या ठशांचं शिक्षण घ्यायचं, सर्टिफिकेट मिळालं की ठाण्याच्या कचेरीत टेबल. धाडी कायमच्या बंद. खानावळ मात्र आपल्या खिशातून.

मालू मासळी तागडीने विकत नसे. दोन वाटे मांडायची आणि नजरेला पटेपर्यंत इकडचा बोंबील तिकडे करायची. चार दिवस तिने मनात हेच केलं. एका वाट्यात खानावळ आणि चार महिने एकटीने ओढायचा संसार. दुसऱ्यात एवढंच, की नवरा पुन्हा काठी घेऊन तिवरांत उतरणार नाही. पण मग धरून आणलेल्यांची बोटं शाईला लावणार तो हाच ना? तेव्हा तर बायका तिला ओट्यावरही बसू देणार नाहीत. वाटे काही जुळेनात.

निवडीसाठी जमादार हरिहर यांची अट होती: बारा माणसांच्या दहाही बोटांचे ठसे आणायचे, प्रत्येक कागदावर नाव घालून. राघो शाई, काच आणि रूळ घेऊन घरोघर फिरला. "ठसा दिला का नाव चोरांच्या पेटीत," म्हातारे दाजी म्हणाले आणि दोन्ही हात काखेत घालून निघून गेले.

शेवटी पहिला कागद मालूचा. मिठाने आणि कोलंबीच्या सालांनी तिची बोटं झिजून गुळगुळीत झालेली. कागदावर नुसता काळा डाग उमटला. राघो बोट दाबू लागला.

"हलू धर," मालू म्हणाली. "माझं बोट हाय, पापलेटाचा पर नाय."

त्याने तिचे हात कोमट पाण्यात धुतले, शाई अगदी पातळ केली, आणि बोट न दाबता नुसतं फिरवलं. दोन-तीन पुसट रेषा आल्या. त्या त्याने भिंगातून इतका वेळ पाहिल्या की मालूला हसू आलं.

भागीरथी दारात उभी राहून हे बघत होती. ती केव्हा आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"चौकीत माझी बोटं घेतली तवा असा मुरगळला अंगठा," ती म्हणाली. "आठ दिवस सोलायला बसता नाय आलं. तू पाण्यात धुतोस व्हय रे?"

"धुतो, काकी."

"मंग घे माझी. पन वर नाव नको."

"नावाशिवाय कागद चालत नाय."

भागीरथी वळली. मालूच्या तोंडून निघून गेलं, "काकी, थांब. तुझ्या कागदावर माझं नाव लिवू दे."

राघोने बायकोकडे पाहिलं. "अगं, तुझं नाव पोलिसाच्या कागदावर..."

"पयल्या कागदावर हायच की."

ही बातमी दुपारपर्यंत कोळीवाडाभर झाली. गोदा आली, मग तिची जाऊ, मग बाकीच्या. प्रत्येकीने आधी विचारलं, "वर मालूच ना?" आणि मगच हात पुढे केला.

हरिहर जमादारांनी बारा कागद टेबलावर पसरले. चष्मा पुसला. "राघो, तुला बायका किती?"

"एकच, साहेब."

"मग तिला एकशेवीस बोटं कशी?"

राघोने खरं ते सांगितलं. जमादार बराच वेळ भिंग फिरवत राहिले. "अशा झिजल्या हातांचे ठसे मला जमले नसते. तुझं नाव पाठवतो. पण ही खोटी नावं माझ्या कचेरीत नकोत. परत ने, आणि पुण्यात असला शहाणपणा करू नको."

संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या. कागद जिचा तिला द्यायचा, पण सगळ्यांवर नाव मालूचंच. "आता रं कसं करशील?" गोदाने डिवचलं.

राघो खाली बसला. एकेकीचा हात उजेडाकडे वळवायचा, भिंगातून बघायचा, कागद काढून द्यायचा. गोदाच्या तर्जनीवर कोयत्याचा वण होता, तिचा लगेच सापडला. भागीरथीच्या अंगठ्याला तो बराच वेळ थांबला. तिने हात काढून घेतला नाही. कागद मिळाला तशी ती स्वतःच्या बोटांच्या रेषा बघत बसली, मग चुलीत घालायला म्हणून पदरात खोचला.

एक कागद उरला, जवळजवळ कोरा.

"हा कुनाचा?" गोदा म्हणाली. मालूने तो न बघताच घेतला, घडी करून टोपलीच्या तळाशी घातला.

"खानावळीत मासली मिलंल का?" तिने राघोला विचारलं.

"पुण्यात? कुठली."

"मंग सुके सोडे बांधून देते," असं म्हणून ती सोलायला बसली. भागीरथीने आपली टोपली तिच्या शेजारी ओढली.