टवटवीत बाटल्या

मेलबर्नच्या आमच्या फ्लूच्या प्रयोगशाळेत माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढवायचं काम ग्लेनिस हॅड्रेलकडे होतं. ख्रिसमसलाही जेवण अर्धवट टाकून बाई पेशींना खाऊ घालायला हजर! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती सगळ्यांत टवटवीत बाटली निवडायची, तिच्यातल्याच पेशी पुढं वाढवायची आणि बाकीच्या ब्लीचमध्ये ओतायची.

"मरतुकड्यांना कशाला पोसायचं?" असं तिचं म्हणणं. आम्ही शहाणे माना डोलवायचो.

लुपे ताउफा ही टोंगाची मुलगी याच पेशींवर पीएचडी करत होती. फ्लूच्या विषाणूचं एक प्रथिन पेशीतल्या निरोप्या प्रथिनाची गचांडी धरतं आणि 'जगत राहा' असा निरोप त्याच्याकडून वदवून घेतं. एरवी रोगी पेशी स्वतः मरून विषाणूची वाट अडवते. इथं ती चोराला घरात घेऊन ठणठणीत जगते. मला अजून याची शिसारी येते. लुपेनं विषाणू न वापरता नुसतं ते प्रथिन काही पेशींत घातलं होतं. तुलनेसाठी होत्या ते प्रथिन न घातलेल्या, ग्लेनिसच्या कोऱ्या पेशी. प्रबंध हिवाळ्यात द्यायचा होता आणि शिष्यवृत्तीही तेव्हाच संपत होती.

पण अलीकडे दोन्हींत फरकच दिसेना, म्हणून लुपेनं कोऱ्या पेशीच तपासल्या.

"आंटी, जरा इकडं या," तिनं ग्लेनिसला हाक मारली.

"नमुने उलटसुलट भरले असशील, पोरी."

"परत केलं. तुमच्या पेशींत फ्लूचं प्रथिन आहे."

"काहीतरीच काय! अगं, माझ्या सगळ्यांत चांगल्या पेशी आहेत त्या!"

बोलली आणि तिचा आ तसाच राहिला. कधीतरी लुपेच्या बाटलीतला एखादा थेंब ग्लेनिसच्या बाटलीत गेला असणार. त्या मूठभर पेशी 'जगत राहा'च्या जोरावर तरारल्या, आणि ग्लेनिस दर वेळी त्याच निवडत गेली. अस्सल कोऱ्या पेशी तिनं आपल्या हातानं ब्लीचमध्ये ओतल्या होत्या! ज्यानं काही बिघडवलं त्यानं सकाळच्या चहाला केक आणायचा, असा आमच्याकडे रिवाज. त्या दिवशी केकचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

ग्लेनिसनं वेळोवेळी गोठवून ठेवलेल्या पेशींच्या कुप्या काढल्या, त्याही बाधलेल्या. उरली गेल्या वर्षीची एकच. लुपेचे मुख्य प्रयोग त्याच सुमाराचे. ती कुपी स्वच्छ निघाली तर तेवढं काम तरी खरं ठरणार होतं. नव्या पेशी विकत मिळाल्या असत्या, पण झालेले प्रयोग त्यानं सुधारत नव्हते.

ग्लेनिसनं त्या पेशी वितळवून बाटलीत लावल्या. गोठवून वितळवलेल्या अस्सल कोऱ्या पेशींतल्या बऱ्याच मरतातच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग एका सकाळी तिच्याआधी लुपेच सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसली आणि आनंदानं ओरडली, "आंटी, लवकर या! जगल्या! काय सुंदर दिसतायत, एकही मरतुकडी नाही!"

ग्लेनिस दारातच थांबली. एका हातात कोट तसाच, दुसऱ्या हातानं तिनं चौकट धरली.

"सुंदर दिसतायत?" तिनं विचारलं.

लुपेनं वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू आमच्या डोळ्यांदेखत विझलं.