इस्त्रीचं पाणी

आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते वाफेच्या इस्त्रीत घातलं, की कपड्यांवर पांढरी भुकटी सांडते. म्हणून बाबा इन्व्हर्टरच्या डिस्टिल्ड वॉटरमधूनच एक बाटली इस्त्रीसाठी भरून ठेवायचे. "हेच घालत जा गं, नळाचं नको," असं बजावायचे.

ते गेल्यावर त्यांचे सदरे कुणाला तरी द्यायचे, म्हणून मी इस्त्रीला घेतले. बाटलीतलं पाणी घातलं. पहिल्याच कॉलरवर वाफ सुटली आणि धुतलेल्या कापडातून त्यांच्या तेलाचा वास उठला. मी दचकून मागे पाहिलं.

त्यांनी भरलेली ती बाटली अजून अर्धी आहे. मी आता बोअरचंच पाणी घालते. काळ्या कुर्त्यावर भुकटी पडते, ती झटकते. आणि मागून कुणी ओरडतंय का, म्हणून क्षणभर थांबते.