सांडवा मोकळा झाला त्या दिवशी

परतीच्या पावसात भिजलेल्या मुरुमाचा वास कधी छातीभर घेतलाय का तुम्ही? किंचित तुरट, थोडा लोखंडी, आणि आम्हां मंठ्याकडच्या माणसांना अत्तराहून प्रिय! गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर आम्ही मातीचा छोटासा बांध घातला, तेव्हापासून हा वास मला विजयाचा वाटतो. त्या विजयात माझा वाटा मात्र मूर्खपणाचा, हे आधीच कबूल करतो.

बांध घातला तो पुरासाठी. मोठा पाऊस झाला की नाला उधळायचा आणि खालच्या आळीत शिरायचा. सर्वांत आधी सीताकाकूंच्या घरात. बांधानं तो लोंढा अडवायचा आणि कडेच्या सांडव्यातून जादा पाणी बेताबेतानं सोडून द्यायचं, इतकी साधी योजना. पण दुष्काळात वाढलेल्या जिवाला पाणी सोडवतं का हो? गेल्या साली बांध पहिल्यांदा तुडुंब भरला, सांडव्यातून ते रुपेरी वैभव खळाळत निघालं, आणि ते वाया जाताना आम्हाला बघवेना. आम्ही चक्क वाळूची पोती रचून सांडवा बुजवला! पहिलं पोतं कुणाचं? शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या महाशयांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ पुन्हा काळवंडलं, आणि सीताकाकू पदर खोचून बांधावर आल्या. "गुरुजी, पाणी साठवून राह्यले का माझं घर बुडवून राह्यले? वाट न्हाई मिळाली तर पाणी बांधावरून जाईल. माती काय दगड हाय का टिकायला? मंग बांध बी जाईल अन् आम्ही बी!" एवढं सुनावून त्या एकट्याच पोती ओढू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे मी फळ्यावर शिकवलं, ते या बाईनं जन्मभर सोसलं होतं. चपला काढून मीही पोत्यांना हात घातला. मग मागून सारा गाव आला.

दुपारी आभाळ फाटलं. बांधाच्या खांद्याला पाणी लागलं, आमचे जीव टांगणीला. पण सांडवा गर्जत वाहिला, आणि मातीचा तो इवलासा देह जागचा तसूभरही हलला नाही! खालच्या आळीत पाणी काकूंच्या पायरीपर्यंत आलं, घुटमळलं आणि ओसरलं. हलगी कडाडली, लोक नाचले. मीही नाचलो, वयाला शोभलं नसेल, पण काय सांगू तुम्हाला, आनंद अंगात मावेना!

काकू तेवढ्या घरात गेल्या. दर पावसाळ्यात त्यांच्या दाराशी एक गाठोडं तयार असे: रेशनकार्ड, सातबारा आणि एकुलती एक इरकली साडी, पाणी शिरलं की उचलून पळायला. त्याची गाठ त्यांनी त्या दिवशी सोडली. किती धरून ठेवलं यावरच आपण आयुष्यभर आपली श्रीमंती जोखतो, नाही का? आमचं तर सारं उरलं ते पाणी सोडून दिल्यामुळे.

काकू बाहेर आल्या त्या इरकली नेसून. हलगीवाल्याला म्हणाल्या, "चल रे म्होरं. मला माझा बांध बघायचाय."