सातव्या नंबरपुढची रेघ

माझा आवाज मोठा. सरकारी दवाखान्यात नर्स होते, ओपीडीच्या दारात उभी राहून पेशंटची नावं पुकारण्यात उमर गेली. लोक म्हणायचे, ह्या सिस्टरनं नाव पुकारलं की मेलेला उठून बसंल. म्हणून रिटायर झाल्यावर नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये ख्रिस्तराजाच्या सणाला माइक माझ्याच हातात आला. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी दुपारची मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, झाली की मिरवणूक निघते, रेल्वे कॉलनीला वळसा घालून परत येते. आमची रीत अशी, की कोणी आपल्या मनानं चालू लागायचं नाही. प्रत्येक मंडळ आपापली पताका धरून पटांगणात थांबतं. मी पायरीवरून नाव पुकारते, मग ते मंडळ फाटकाबाहेर पाऊल टाकतं. ही शिस्त मीच लावली. आधी नुसती ढकलाढकली चालायची.

माझा बाप देवणीकडचा. गावात त्याला नाव होतं, पण ते कोणी घेत नव्हतं. जातीनं हाक मारायचे, तीही लांबून. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी फादरनं त्याला सगळ्यांपुढं नावानं बोलावलं. म्हातारा मरेपर्यंत सांगायचा, की देवाधर्माचं मला लई कळत न्हाई, नावानं हाक आली म्हणून मी गेलो. ही गोष्ट मी चर्चमधल्या पोरांना धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी सांगते. सांगायला काय जातं!

मला एकच मुलगा. नवरा वारल्यापासून घरात आम्ही दोघंच. पोरगा एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला, चर्चच्या गाण्यांत तबल्यावर. तिशी उलटली, स्थळं येऊन राहिली होती आणि हा प्रत्येकीत खोट काढायचा. एके दिवशी जेवताना म्हणाला, आई, स्थळं बघणं बंद कर, माझं मन पुरुषांकडंच जातं, पहिल्यापासून. मी म्हटलं, वरण वाढू का? नर्सबाई मी, माणसाचं काय काय बघितलेलं, आणि पोटच्या पोरापुढं मला वरण सुचलं. लाज वाटली म्हणून. स्वतःची वाटली असं लिहायला बरं दिसलं असतं, पण तेव्हा त्याचीच वाटली होती.

पुढं त्याला त्याच्यासारखे आणखी भेटले. दोघं लातूरचे, एक मुलगी किनवटची, मठातल्या सिस्टरांच्या वसतिगृहात शिकलेली, बाकी इथलेच. सगळे मिळून सात, सगळे बाप्तिस्मा झालेले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या घरी जमायचे, माळ हातात घेऊन रोझरी म्हणायचे, मग चहा-चिवडा आणि हसणं. सुरुवातीला मी खिडक्या लावून घ्यायचे. नंतर उकडायला लागलं म्हणून उघडल्या, आणि मग उघड्याच राहिल्या. किनवटची मुलगी मला मावशी म्हणायला लागली होती.

त्या वर्षी त्यांनी चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅरिश कौन्सिलला अर्ज दिला. ख्रिस्तराजाच्या मिरवणुकीत आम्हाला आमच्या मंडळाच्या नावाची पताका घेऊन चालू द्यावं, एवढंच. कौन्सिलची सेक्रेटरी मीच, म्हणजे अर्ज वाचून दाखवायचा मीच.

तीन बैठका झाल्या. आमचे फादर तरुण, केरळचे. ते म्हणाले, राजाच्या मागं कोणी चालावं हे राजाला ठरवू द्या. त्यावर रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डसाहेब उठले. मिरवणूक म्हणजे मोर्चा नव्हे, म्हणाले, माणसांना कोण अडवतंय, पण पवित्र साक्रामेंतापुढं, ख्रिस्ताचा देह झालेल्या भाकरीपुढं, पापाची पताका मी जिवंत असेपर्यंत चालणार नाही. हा माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. माझा नवरा आजारी होता तेव्हा ह्याच्याच घरून दोन महिने डबा आला होता. मग दोन्ही बाजूंनी फोन निघाले आणि जो तो आपल्या सोयीच्या बिशपाचं बोलणं वाचून दाखवू लागला. एक बाई म्हणाली, आधीच आपण मूठभर, गावाला बोट दाखवायला निमित्तच पाहिजे. हे मात्र माझ्या काळजाला लागलं. वेशीबाहेरची पोर मी, गावाचं बोट कसं असतं ते मला माहीत होतं.

शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले. पोरगा कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मधला रस्ता काढला. चालू द्या, पताकाही असू द्या, पण तिच्यावर मंडळाचं नाव नको, नुसती प्रार्थना असावी. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. गार्डसाहेबांनीसुद्धा मान डोलावली. फादर तेवढे खाली बघत होते. आडवं आलेलं मूल सुखरूप बाहेर काढल्यासारखी मी त्या दिवशी घरी आले.

"बिननावाचं?" मुलानं विचारलं.

मी म्हटलं, चालायला मिळून राहिलं ना, मग झालं की. एका दमात सगळं मागू नये. तो म्हणाला, पताका तूच शीव. वजिराबादेच्या बाजारातून पांढरं साटीन आणलं, निळी किनार लावली, मधे अक्षरं: हे ख्रिस्तराजा, आमच्यावर दया कर. मी मशीन चालवत होते आणि तो कापड ताणून धरून गुणगुणत होता. खूश होता हो पोरगा. ते आठवलं की आजही जेवण जात नाही.

आदल्या दिवशी मी पुकारायची यादी लिहायला बसले. दहा मंडळं. सातव्या नंबरपाशी पेन थांबलं. पताकेवर नाव नको हे ठरवताना, मग ह्यांना पुकारायचं कसं, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काही लिहावं तर गार्डसाहेब म्हणणार, बाई, नाव नाही असं ठरलं होतं. फादरला फोन करता आला असता. पोराला विचारता आलं असतं, तो पलीकडच्या खोलीत त्याच पताकेला इस्त्री करत होता. मी सातपुढं एक रेघ ओढली. म्हटलं, ऐन वेळी सुचंल काहीतरी.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. फादर साक्रामेंत घेऊन छत्राखाली फाटकाबाहेर रस्त्यावर थांबले होते. मी पुकारत गेले. वेदीसेवक. बालमंडळ. एकेक पताका बाहेर पडत होती. सहा झाले आणि रेघ आली.

सातही जण पांढऱ्या कपड्यांत होते. काठी माझ्या पोराच्या हातात. त्याचा एक पाय पुढं निघालेला आणि डोळे माझ्यावर. माइक चालू होता, माझा श्वास सगळ्या पटांगणाला ऐकू येत होता. गार्डसाहेब समोरच होते. फाटकापाशी बंदोबस्ताचा पोलीस चुळबुळत होता. काहीही म्हणता आलं असतं. 'सात नंबर' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. ते मीच ठेवलेलं होतं.

मी म्हटलं, "आठ. महिला मंडळ."

बायका त्यांच्या अंगावरून पुढं गेल्या. एक थबकली, तिला दुसरीनं ओढून नेलं. नऊ झाले, दहा झाले. मी माइक खाली ठेवला, पायऱ्या उतरले आणि पुढं गेलेल्या माझ्या महिला मंडळात जाऊन मिसळले. त्यांच्याकडं बघितलं नाही. सातांतला एकही जण जागचा हलला नाही. शिस्त माझीच होती ना.

तासाभरानं परत आलो तर पटांगण रिकामं. मी जिथं उभी राहिले होते त्या पायरीवर पताका ठेवलेली, इस्त्रीच्या घडीवर घडी घालून.

घरी मीच त्याच्यावर ओरडले. चालायचं होतंस, कोणी हात धरला होता का तुझा, परवानगी होती! पुढच्या रविवारी गार्डसाहेबांनी माझा हात धरून सांगितलं, बाई, चर्च वाचवलंत. मी हात सोडवून घेतला नाही. लातूरचे दोघं परत आले नाहीत. किनवटची मुलगी हैदराबादला गेली, मला न सांगता. पहिला शनिवार येतो, मी सवयीनं दूध जास्त घेते.

आता यादीत सातव्या नंबरला गाणाऱ्यांचं मंडळ असतं. त्यांना तबल्यावर दुसरा कोणी मिळाला. मुलगा दर रविवारी मला स्कूटीवर फाटकापर्यंत सोडतो आणि मिस्सा सुटेपर्यंत समोरच्या चहाच्या गाड्यावर बसून राहतो. माझ्याशी नीट बोलतो, माझ्या गोळ्या आठवणीनं आणतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

गेल्या ख्रिस्तराजाला मी उतरले, यादी हातात होती. म्हटलं, चल की रे आत, इतकी वर्षं झाली, आता कोणी काही म्हणणार नाही. त्यानं स्कूटीला अडकवलेली माझी पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"तू पुकार, मी येतो," तो म्हणाला.

मी आत गेले, माइक घेतला आणि दहा नावं पुकारली.