पाणी पाजायचं नाही

आमच्या आळीत राहणारे डॉक्टरसाहेब फौजेतले सर्जन. युद्धात तंबूत ऑपरेशनं केलेला माणूस, पण त्याविषयी विचारलं की परसातल्या मिरच्यांवर बोलायला लागायचे. दारात कुणीही आलं, की पाण्याचा तांब्या मात्र स्वतः आणून हातात द्यायचे.

गेल्या महिन्यात पौडच्या रस्त्यावर वऱ्हाडाचा टेम्पो उलटला. डॉक्टरसाहेब धावत आले आणि आधी आम्हालाच दरडावलं, "जखमींना पाणी पाजायचं नाही. कितीही मागू दे. ऑपरेशन करावं लागलं तर घात होईल."

आम्ही बाटल्या मागे घेतल्या.

टेम्पोचा ड्रायव्हर शुद्धीवर होता, ओरडतही नव्हता. साहेबांनी त्याचं पोट चाचपलं, नाडी धरून थोडा वेळ बसले. त्यानं पाणी मागितलं. साहेबांनी माझ्याच हातातली बाटली घेतली आणि त्याला हवं तेवढं पाजलं.

"साहेब, तुमीच न्हाई म्हणला व्हता ना!" मी ओरडलो.

"याला चालेल," ते हळूच म्हणाले.

ॲम्ब्युलन्स यायच्या आत तो गेला.

परवा त्यांच्या घरी गेलो. नेहमीसारखा त्यांनी तांब्या पुढे केला. माझा हात काही पुढं जाईना.